परवान्यापुरतं काम

४ जानेवारी

काकांनी आज जाहीर केलं की यापुढे खोलीत कायम वास्तव्याचा विषय काढायचा नाही. "जेवताना नाही, दाढी करताना नाही, आणि मी दाराच्या या बाजूला असेपर्यंत तर नाहीच. बोलायचंच असेल तर भिंतीशी बोल, नाहीतर लिहून काढ." भिंतीपलीकडे माणसं राहतात. म्हणून ही वही.

काका नात्याने माझे कुणी नाहीत. खोलीतले सोबती आणि कामावरचे जोडीदार. आमच्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. मोठ्या इस्त्री-मशीनच्या तोंडाशी एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचे आणि चादर रुळांत सोडायची. दिवसभर समोरासमोर, घरी आल्यावर पुन्हा समोरासमोर. बायकोचा चेहरा मी जन्मात एवढा पाहिलेला नाही.

विषय असा की माझा अर्ज आज दाखल झाला. सध्या आहे तो तात्पुरता परवाना: याच लॉन्ड्रीत, याच कामासाठी, मुदत संपली की पुन्हा नवा. लॉन्ड्री सुटली की देश सुटला. कायम वास्तव्य मिळालं तर कुठेही काम करता येतं, आणि मुख्य म्हणजे बायको-मुलीला आणता येतं. ठमी येत्या हिवाळ्यात अठराची होईल. त्यानंतर ती कुटुंबात धरली जात नाही. तेव्हा झालं तर याच वर्षी. अर्ज चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर अर्ज बाद. म्हणजे यंदाही घरी जाणं नाही. सवय आहे.

१७ जानेवारी

मधल्या रुळाची पट्टी पुन्हा सरकली आणि एक चादर रुळाभोवती गुंडाळून बसली. मेकॅनिक बाहेरून येतो, आणि येतो म्हणजे त्याच्या मनात येईल तेव्हा. मॅनेजरबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी आपल्या देशात असताना कापड गिरणीत फिटर होतो, हे त्यांना एकदा बोलता बोलता कळलं, तेव्हापासून त्या अशाच बघतात. मशीन बंद करून, थंड होऊ देऊन, मी पट्टी बसवली. जेवणाच्या सुट्टीत बसवली, त्यामुळे जेवण उभ्यानेच झालं.

बाई म्हणाल्या, "तू नसतास तर काय झालं असतं माझं! तुझ्या अर्जावर मी चांगलं लिहीन हं."

गेल्या आठवड्यात व्हॅनवाला आला नव्हता, तर हॉटेलांचा माल मीच पोचवून आलो. नव्याने लागलेल्यांना चादर धरायला मीच शिकवतो. पाळ्या कुणाच्या कधी हेही आता मीच ठरवतो, आणि बाई रजेवर गेल्या की चाव्या माझ्याकडे.

काका घरी येताना म्हणाले, "परवान्यावर काय लिहिलंय तुझ्या?"

"धुलाई कामगार."

"मग धू. रूळ कशाला खोलतोस?"

आता यांना काय सांगणार. इतकी वर्षं इथे काढून काकांनी कधी अर्ज केला नाही. मुदत संपली की परवाना नवा करून घेतात आणि पुन्हा चादरीचे कोपरे धरतात. ज्याला पुढे जायचं नाही त्याला दुसऱ्याची धडपड म्हणजे उठाठेवच वाटणार.

८ फेब्रुवारी

रविवार. घरी फोन. बायको शाळेत शिकवते. त्यांच्या मुख्याध्यापिका मे अखेर निवृत्त होताहेत आणि संस्थेने त्या जागेसाठी हिचं नाव काढलंय म्हणे. मी म्हटलं, अभिनंदन.

"अहो, एक विचारू? तिकडे आल्यावर मला काय काम मिळेल?"

"मिळेल ना काहीतरी. आमच्याकडेही बायका आहेत. घड्या घालायच्या विभागात. बसून काम असतं."

"घड्या."

"सुरुवातीला. मग बघू."

ती म्हणाली, "बरं." तिने समजूतदारपणे घेतलं. सगळ्यांच्या बायका असं घेत नाहीत.

ठमीला फोन द्यायला सांगितलं, तर ती क्लासला गेली होती. रविवारीही क्लास! पोरगी अभ्यासाला लागली हे चांगलं झालं. मी पाठवलेली इथल्या भाषेची पुस्तकं ती वाचते का, ते विचारायचं राहिलं.

१ मार्च

मुलाखतीचं पत्र आलं. काकांनी स्वतःचाच नियम मोडला. संध्याकाळी भांडी बाजूला सारून ते ओट्याशेजारच्या टेबलाशी अधिकाऱ्यासारखे बसले, चष्मा नाकाच्या टोकावर.

"काय काम करता?"

मी सुरुवात केली, "लॉन्ड्रीत इस्त्रीचं मशीन सांभाळतो, त्याशिवाय–"

"चूक. चादरी इस्त्री करतो. पुन्हा. काय काम करता?"

"चादरी इस्त्री करतो."

"आणखी?"

"आणखी, तसं बघायला गेलं तर–"

"आणखी काही नाही! म्हण."

"आणखी काही नाही."

"आणि इथलं हवापाणी आवडतं, असं सांग. झाली मुलाखत. ऊठ, भात लाव."

भात लावला. पण मला हे पटलेलं नाही. देशात कायमचं ठेवून घ्या म्हणून दारात उभं राहायचं आणि म्हणायचं काय, तर चादरीचे दोन कोपरे धरतो? स्थळ सुचवताना कुणी 'मुलगा दोन वेळा जेवतो' एवढंच सांगतं का? आपल्याकडे चार गोष्टी जास्तच सांगतात. इथे तर जास्त सांगायचीही गरज नाही, आहे तेवढंच खरं पुष्कळ आहे.

काकांना मी हे बोललो नाही. उगाच त्यांच्या वर्मावर बोट नको.

१९ मार्च

झाली. आणि इतकी चांगली झाली की येताना बसमध्ये माझा थांबा मागे राहिला.

अधिकारीबाई वयाने मोठ्या, शांत. खोलीत एक खिडकी, एक झाड, पाण्याचा जग. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग विचारलं, काय काम करता. मी काकांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. चादरी तर आहेतच. पण मशीन बिघडलं की रूळ मी खोलतो, पट्ट्या मी बसवतो, मेकॅनिकला बोलवावंच लागत नाही. व्हॅन नेतो. नवीन माणसं तयार करतो. पाळ्या लावतो.

"अरे वा! हे सगळं कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून म्हणा ना."

"आणि हे करायला तुम्हाला कोण सांगतं?"

"मॅनेजरबाईच. त्यांचा माझ्यावर फार विश्वास. रजेवर जाताना चाव्या माझ्याकडे देऊन जातात."

त्या सगळं लिहून घेत होत्या. माझं बोलणं कुणी असं लिहून घेतलेलं मला आठवत नाही. मध्येच त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला हे नक्की सांगायचंय ना?" माझी भाषा मोडकी, म्हणून त्या खात्री करून घेत असाव्यात. मी म्हटलं, नक्की.

निघताना त्यांनी उठून हात मिळवला. म्हणाल्या, "तुम्ही फार मेहनती आहात." उठून! तशी गरज नव्हती त्यांना.

घरी आलो तर काका जेवायला बसले होते. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"सगळं सांगितलंस?"

"सगळं."

"चाव्यांचंही?"

"चाव्या तर खासच."

काका उठले. ताट तसंच उचलून बेसिनमध्ये ठेवलं आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले. मनाला लागलं असेल. त्यांनीही कधीकाळी अर्ज केला असता तर आज त्यांचंही काम झालं असतं. उद्या त्यांच्याशी जरा गोड बोलायला हवं.

९ एप्रिल

दोन खोल्यांची एक जागा पाहून आलो. स्वयंपाकघराला खिडकी आहे. घरमालकीण म्हणाली, कुटुंब कधी येणार? मी म्हटलं, हिवाळ्याच्या आत.

बायकोला जागेचे फोटो पाठवले. तिने फोन केला, पण खिडकीबद्दल नव्हे. संस्थेला या महिन्यात उत्तर हवंय. मी म्हटलं, मग नाही सांगून टाक ना, नीट शब्दांत.

"नीट म्हणजे कशा?"

"म्हणजे कुटुंबाच्या कारणाने वगैरे."

"हं. कुटुंबाच्या कारणाने."

आज तिचा आवाज दमलेला वाटला. परीक्षांचे पेपर तपासायचे असतात या दिवसांत.

२३ एप्रिल

मॅनेजरबाईंनी सकाळीच आत बोलावलं. दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, त्यांच्या घरी कुणाचं काहीतरी झालंय.

माझी मुलाखत झाली त्या कार्यालयातून त्यांना नोटीस आली आहे. लॉन्ड्रीची तपासणी होणार. परवाना धुलाईचा असलेल्या माणसाकडून मेकॅनिकचं, ड्रायव्हरचं, सुपरवायझरचं काम करून घेतलं, असा आरोप. त्या प्रत्येक कामाचा परवाना वेगळा. आधी इथल्या माणसाला विचारायचं, तो मिळाला नाही तरच बाहेरच्याला. हे सिद्ध झालं तर बाहेरची माणसं ठेवायची त्यांची परवानगी जाईल. आणि आम्ही सगळेच बाहेरचे. वर्गीकरणाच्या टेबलावरची बाई, घड्या घालणाऱ्या, काका. सगळे.

"तू त्यांना काय काय सांगून आलास?" त्यांनी विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "तुमचं कौतुकच केलं मी."

मशीनपाशी परत आलो. काकांनी दोन कोपरे माझ्या हातात दिले. दिवसभर चादरी रुळांत सोडत राहिलो. मी सारखा त्या अधिकारीबाईंचं थांबलेलं पेन आठवत होतो.

२५ एप्रिल

शनिवार. बाहेरच्या कामगारांना फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई आहेत. रांगेत उभं राहून त्यांना भेटलो. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. तपासनिसाला मी सांगितलं की मला मॅनेजरबाईंनी ही कामं करायला लावली, तर मी फसवला गेलेला धरला जाईन. अर्ज जिवंत राहील, दुसऱ्या मालकाकडे जाता येईल, आणि बहुतेक कायम वास्तव्यही मिळेल. दुसरी वाट म्हणजे मी मुलाखतीत बढाया मारल्या असं म्हणायचं. मग लॉन्ड्रीवर काही सिद्ध होत नाही, पण खोटी माहिती दिली म्हणून अर्ज कायमचा बंद. आहे तो परवाना मुदतीपर्यंत चालेल.

"तुम्ही खरं काय ते सांगा," त्या म्हणाल्या. "खरं तुमच्या बाजूचं आहे. असं नेहमी होत नाही."

घरी येऊन काकांना सांगितलं. जूनमध्ये त्यांचा परवाना नवा व्हायचा आहे. ते म्हणाले, "मग विचार कसला करतोस? खरंच सांग. खोटं बोलणं तुला जमत नाही हे एकदा सिद्ध झालंय."

"आणि तुमचं?"

"माझं काय. मला कधीचंच जायचंय. फक्त..." ते कांदा चिरत होते. "गेलो असं म्हणायला आवडलं असतं. पाठवलं असं नाही."

मग म्हणाले, कांदा तिखट आहे.

२६ एप्रिल

बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच इतकं सलग बोललो असेन. ती मध्ये एकदाही 'बरं' म्हणाली नाही.

"म्हणजे आम्ही यायचं नाही?"

"तसं नाही. मी खरं सांगितलं तर अजून होऊ शकतं."

"आणि ती बाकीची माणसं?"

"त्यांना जावं लागेल."

मागून ठमीचा आवाज आला, काय झालं गं? बायकोने फोनवर हात ठेवला असावा, पण पूर्ण नाही. ती म्हणाली, "काही नाही, बाबांचं अडलंय जरा." आणि ठमी म्हणाली, "म्हणजे आपण इथेच?" मग लाइनवर कसलातरी आवाज आला. दोघी रडत असाव्यात. हसल्यासारखाही होता, लाइन खराब असली की काही समजत नाही.

बायको परत आली आणि म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आमचं बघू नका."

इतक्या वर्षांत असं ती पहिल्यांदा म्हणाली. मला फार भरून आलं. हिच्यासाठीच तर हा सगळा आटापिटा, आणि हीच म्हणते आमचं बघू नका.

२ मे

आता सगळ्यांना कळलंय. वर्गीकरणावरची बाई आज मला चहा घेऊन आली. तिने याआधी कधी आणला नव्हता. मी घेतला आणि कप धुऊन तिला परत दिला.

१४ मे

तपासनीस आला. तरुण माणूस, सर्दी झालेला. मॅनेजरबाईंच्या काचेच्या खोलीत तो टेबलामागे बसला आणि एकेकाला बोलावलं. मला शेवटी.

मी काल खरं सांगायचं ठरवलं होतं. परवाही तेच ठरवलं होतं. वाक्य पाठ होतं: मला सांगितलं म्हणून मी केलं.

खुर्चीत बसलो तर समोर काच, आणि काचेपलीकडे मशीन. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करता आलं असतं. काकांनी कुणाला घेतलं नव्हतं. एक चादर काढून, आपले दोन कोपरे धरून ते उभे होते, आणि माझ्या बाजूची चादर खाली जमिनीवर लोंबत होती. ते माझ्याकडे बघतही नव्हते. नुसते उभे.

तपासनीस म्हणाला, "तर मशीनची दुरुस्ती तुम्ही करता?"

मी म्हटलं, "नाही."

"कार्यालयात तसं सांगितलंत."

"फुगवून सांगितलं. छाप पडावी म्हणून."

"व्हॅन? पाळ्या? चाव्या?"

"तेही."

"मग रूळ कोण दुरुस्त करतं?"

"मेकॅनिक."

त्याने नाक पुसलं आणि माझ्या नखांकडे पाहिलं. त्यांत काळं होतं, कितीही घासलं तरी जात नाही. मी हात टेबलाखाली घेतले. तो म्हणाला, "याचा परिणाम माहीत आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, हो. त्याने लिहिलं, मी सही केली. त्याला लवकर घरी जाऊन पडायचं होतं, हे दिसत होतं. मलाही.

बाहेर आलो आणि माझे दोन कोपरे उचलले. काकांना माझ्या तोंडावरून कळलं.

"माझ्यासाठी केलंस?" त्यांचा आवाज चढला होता.

"नाही."

"मग कशासाठी, गाढवा?"

"चादर जमिनीवर लोळत होती. हॉस्पिटलची आहे."

त्यांनी चादर इतक्या जोरात ताणली की माझ्या हातातून सुटली.

२१ मे

पट्टी सरकली. मशीन बंद. मॅनेजरबाई खोलीतून बाहेर आल्या, माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मग त्यांनी मान वळवली. मेकॅनिकला फोन केला. आम्ही सगळे ओल्या चादरींच्या ट्रॉलींच्या मधे बसून राहिलो. कुठे अडलंय ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. हाताला खाज सुटते म्हणतात, ती खरीच सुटते.

काका म्हणाले, "बघू नकोस तिकडे. परवान्यात बसत नाही."

ते ऐकून बसलेल्या बायका हसायला लागल्या. मीही हसलो. माझ्यावर हसायला आता हरकत नव्हती.

३१ मे

अर्ज बंद झाल्याचं कळलं. पुन्हा करता येणार नाही.

घरी फोन केला. सांगायचं कसं याची उजळणी केली होती. बायकोने सगळं ऐकलं, मग म्हणाली, "मलाही एक सांगायचंय. उद्यापासून मी मुख्याध्यापिका."

मी म्हटलं, "अजून जागा होती? बरं झालं. म्हणजे एप्रिलमध्ये नाही सांगितल्यावर पुन्हा विचारलं त्यांनी?"

"मी नाही सांगितलंच नव्हतं. तुम्ही त्या घराचे फोटो पाठवलेत ना, त्याच आठवड्यात हो म्हणून आले."

मग विचारलं, "आणि मला कायम वास्तव्य मिळालं असतं तर?"

"तर तुम्हाला जास्त दिवसांची सुट्टी काढून येता आलं असतं," ती म्हणाली. तिने हे वाईट हेतूने म्हटलं नाही. तिने त्याचा विचार केला होता, एवढंच. बराच केला असावा.

मला राग यायला हवा होता. वाट पाहिली, आला नाही. दिवसभराचं काम झालेलं, पाठ दुखत होती, रागावायलाही अंगात काही लागतं.

मग फोनवर ठमी आली. आपणहून. तिला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळतोय, दुसऱ्या गावी, वसतिगृहात राहावं लागेल. "बाबा, जुलैत मला सोडायला येशील? आईला शाळा आहे. गादी, बादली, पुस्तकं, किती सामान आहे माझं. तुला यायला मिळेल?"

मी म्हणणार होतो की अर्ज चालू आहे, देश सोडता येत नाही. इतकी सवय झालेली. मग लक्षात आलं.

"मिळेल," मी म्हटलं. "आता मिळेल."

"नक्की ना? मागेही म्हणाला होतास."

"नक्की. बादली मी उचलीन."

४ जून

मॅनेजरबाईंनी रजेच्या कागदावर न वाचताच सही केली. मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही.

काकांचा परवाना नवा झाला. त्यांनी तो उशाखाली टाकला आणि चहा ठेवला. मी त्यांना जुलैचं सांगितलं.

"जाऊन ये. पोरीची खोली नीट बघ. कडी-कोयंडा बघ. दुरुस्त करायचा असेल तर तिथे कर, तिकडे तुला कुणी विचारणार नाही."

"आणि परत नाही आलो तर?"

मी हे का विचारलं माहीत नाही. आधी मनात नव्हतं.

काकांनी चहा गाळला, दोघांचा सारखा. माझा कप माझ्यापुढे सरकवला.

"तर मला दुसरा जोडीदार बघावा लागेल," ते म्हणाले. "या वेळी मुका शोधीन."